निर्गुडीच्या वर्षाचा रोवणा

रोवणीचे दिवस आले की आमच्या दुकानात आंबेहळद खपायला लागते. गोंदियाच्या बाजारात माझ्या सासरचं किराणा दुकान आहे आणि दुपारी गल्ल्यावर मी बसते. एरवी साखर, तेल, साबण मागणाऱ्या बायका आषाढाच्या शेवटी येतात तेव्हा त्यांची बोटं चिखलपाण्यानं पांढरी पडून सुरकुतलेली असतात. "भाभी, आंबाहल्दी है क्या?" एक विचारते. तिच्यामागची म्हणते, "टोळीचं तेल असन तं देजो वो." मोहाच्या बियांच्या तेलाला आमच्याकडे टोळीचं तेल म्हणतात. तेवढ्यात छत्तीसगडातून रोवणीसाठी आलेली एखादी मागून हात लांब करते, "दीदी, करंज के तेल हवय का?"

दुखणं तिघींचं एकच असतं. दिवसभर चिखलात उभं राहून पायाच्या बोटांमध्ये पडलेल्या चिखल्या. आग होते, खाज सुटते, चालवत नाही. औषधं मात्र तीन, आणि ती मागायच्या भाषाही तीन. मी पुड्या बांधते, बाटल्या भरते. माझ्याकडे पदवी आहे, दुकान आहे, नवऱ्यानं हौसेनं घेतलेली चारचाकी आहे. पण या पुड्या बांधताना छाती जशी भरून येते तशी दुसऱ्या कशानं येत नाही. कारण एका वर्षी अशीच औषधं एका सपरीत, एका चुलीभोवती एकत्र आलेली मी पाहिली आहेत. सपरी म्हणजे आमच्याकडची घरापुढची पडवी. ती सपरी माझ्या माहेरची होती.

माझं माहेर दवनीवाड्याच्या बाजूला. आम्ही पोवार, घरची धानाची शेती. मी तेव्हा गोंदियाला कॉलेजात शिकत होते आणि रोवणीसाठी म्हणून गावी आले होते. रोवणीच्या दिवसांत आमच्या भागात कुणी घरात बसत नाही. पऱ्ह्यांच्या वाफ्यातली कोवळी रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, नेऊन टाकायच्या आणि ओळीनं वाकून लावत मागे सरकत जायचं. सकाळच्या उन्हात बांधीतलं पाणी चमकतं, त्यात आभाळ दिसतं, आणि बायका त्या आभाळातच हिरव्या काड्या खोचत चालल्या आहेत असं वाटतं. चिखलाला एक वास असतो, थोडा लोखंडासारखा, थोडा कुजलेल्या पानांसारखा. तो संध्याकाळी केसांतसुद्धा येतो. दूर गेलेल्या माणसाला घरची आठवण यावी असाच तो वास आहे.

त्या वर्षी तो वास सुरू झाला आणि पाठोपाठ ताप आला.

आधी शेजारच्या घरात, मग समोरच्या, मग आमच्या. अंग तापायचं, अंगावर पुरळ यायचं आणि सांधे असे धरायचे की माणूस खाटेवरून भिंतीला धरून उठायचा. आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण तरुण होती, आमच्या घरांतून फिरून गेली. म्हणाली, "चिकनगुनिया आहे. तापाच्या गोळ्या घ्या, पाणी भरपूर प्या, आराम करा. ताप उतरेल, सांधे मात्र काही दिवस त्रास देतील. त्याला धीर धरावा लागेल." तिनं खरं तेच सांगितलं. ताप उतरले, पण सांधे सुटेनात.

गावानं त्या लांब नावाचं दोन दिवसांत 'गुनिया' करून टाकलं. गंमत अशी की आमच्या मुलखात गुनिया म्हणजे झाडपाल्याचा जाणकार. सालेकशाकडून दरवर्षी रोवणीला येणाऱ्या बायकांची मुखत्यारीण मानकोबाई, तिनं हे नाव ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसली. "असा कसा हा गुनिया? बरं करत नाई, उलटा मोडूनच टाकते!"

मानकोबाई गोंड. उंच, सडसडीत, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण. कमी बोलायची, पण तिच्या टोळीतल्या बायका तिच्या एका नजरेवर उठायच्या, बसायच्या. दरवर्षी पऱ्हे तयार झाले की ती आठदहा जणी घेऊन यायची, आमच्या गोठ्याला लागून असलेल्या मोकळ्या छपरात राहायची आणि रोवणा सरला की जायची. त्या वर्षी तिच्याही बायका एकेक करून खाटेला लागल्या. दुसऱ्या शेतांवर आलेल्या टोळ्या गाशा गुंडाळून परत गेल्या. बाबा स्वतः आजारी, पण काठी टेकत छपरापर्यंत गेले.

"मानकोबाई, तुमीबी जा बापा आपल्या गावी. जीवाले जपा. रोवण्याचं पाहून घेऊ काही."

"काय पाहून घ्याल जी?" ती म्हणाली. "पऱ्हे म्हातारे होऊन राहिले. अर्धा रोवणा टाकून गेलो तं पुढच्या साली कोन्त्या तोंडानं येऊ?"

ती म्हणत होती ते शेतीतल्या कुणालाही समजेल. पऱ्ह्यांना वय असतं. वयात लावले तर एका काडीचे दहा फुटवे होतात. वय सरलं की काडी जगते, पण फुटत नाही. आमच्या पऱ्ह्यांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. बांध्या चिखल करून तयार होत्या, पाणी भरलेलं होतं, आणि लावायला हात नव्हते. हात होते, पण त्या हातांची बोटं मिटत नव्हती. रोवणीत सगळं काम अंगठ्याचं असतं. जुडीतून दोनतीन काड्या वेगळ्या करायच्या आणि अंगठ्यानं चिखलात दाबायच्या. तो अंगठाच गुनियानं धरला होता.

माझी माय, यमुना तिचं नाव, कामाला वाघीण. तिच्याबरोबर ओळ धरून कुणी पुढे जाऊ शकत नसे. त्या सकाळी तिच्या हातून पाण्याचा पेला सुटला. तिनं तो उचलायला हात घातला, पुन्हा सुटला. मी उचलायला धावले तर माझ्यावर ओरडली आणि मग तिथंच दाराला टेकून रडायला लागली. दुखण्यापेक्षा संतापानं रडत होती ती.

मानकोबाईनं ते अंगणातून पाहिलं. ती तडक तलावाच्या पाळीवर गेली.

त्या पाळीवर निर्गुडीची झुडपं होती. जांभळसर फुलांची, हाताच्या पंजासारख्या पानांची. मी त्यांच्याजवळून रोज जात असे. त्यांच्या वासानं नाक मुरडत असे. मी तिच्यामागे गेले तेव्हा ती एका झुडपाला हात लावून गोंडीत काहीतरी पुटपुटत होती. मग तिनं कोवळे शेंडे खुडायला घेतले. एका झुडपाचे थोडे, मग दुसऱ्याचे थोडे.

"सगळंच घे ना वो एका झाडाचं. लवकर होईन," मी म्हटलं.

"नागवं केलं झाड, तं पुढच्या साली कोनाले मागशीन?"

मी तिला झाडाचं गोंडी नाव विचारलं. तिनं सांगितलं. माझ्या तोंडून ते दोनदा चुकीचं निघालं, आणि ती इतकी खळखळून हसली की पाळीवरचे बगळे उडाले. असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

अंगणात आली आणि अडचण झाली. तिची चूल छपरात, आणि छप्पर रात्रभर गळत होतं. लाकडं भिजलेली, फुंकून फुंकून धूर तेवढा निघे. माय दारातून पाहत होती. म्हणाली, "आत ये मानको. घरच्या चुलीवर ठेव."

आता हे वाक्य सोपं दिसतं. आमच्या घरात ते तेव्हा सोपं नव्हतं. माझ्या आठवणीत रोवणीच्या कुठल्याही बाईनं आमच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. मायच्या मनात वैर नव्हतं, तिच्या सासूनं तिला जसं शिकवलं तसं ती वागत आली होती. पण बाहेर बसणाऱ्यांना ते दरवर्षी दिसत होतं.

मानकोबाई उभीच राहिली. हातात पाल्याचा भारा. शांतपणे म्हणाली, "नाई जी. दरवर्षी आमी सपरीतच जेवलो. आमाले तिथंच बरं वाटते."

मला वाटलं माय रागावेल. ती वळली आणि आत गेली. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. मी धावत गेले तर माय तिच्या आखडलेल्या हातांनी लोखंडी शेगडी फरशीवरून ओढत होती. "पाहून काय राहिली? धर तिकडून," ती मला म्हणाली. आम्ही दोघींनी शेगडी सपरीत आणली. मग कोरडी लाकडं आणली. मग माय पुन्हा आत गेली, आणि मला म्हणाली, "तो गुंड घे." तो तांब्याचा गुंड आमच्या पिण्याच्या पाण्याचा. तो माझ्या मायशिवाय कुणी घासतही नसे. तो तिनं मानकोबाईपुढे ठेवायला लावला.

"ह्यात उकड," ती म्हणाली. "आन् मीबी सपरीतच बसतो. मलेबी इथंच बरं वाटते."

मानकोबाईनं तिच्याकडे पाहिलं, गुंडाकडे पाहिलं. मग पाय मुडपून शेगडीपुढे बसली आणि पाला पाण्यात सोडला. पुढचे कित्येक दिवस आमचं घर त्या सपरीतूनच चाललं.

निर्गुडीची वाफ कशी असते ते सांगणं कठीण आहे. आधी उग्र वाटते. कापूर, कडुनिंब आणि ओलं गवत एकत्र केल्यासारखी. डोळ्यांत पाणी येतं. मग हळूहळू ती छातीत उतरते आणि अंग सैल होतं. मानकोबाईनं मायचे दोन्ही हात गुंडाच्या तोंडावर धरले, वरून लुगड्याचा पदर टाकला. मग वाफवलेला पाला मनगटांवर बांधला. माय डोळे मिटून बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं बोटं हलवून पाहिली. पूर्ण मिटली नाहीत. पण अर्धी मिटली, आणि त्या अर्ध्या मुठीकडे ती एखाद्या बाळाकडे पाहावं तशी पाहत राहिली.

तेवढ्यात भागरता आली. भागरता गावातलीच, ढिवर समाजाची. तलावातली मासोळी दारोदार विकायची. बोलायला मोठी फटकळ. टोपली खाली ठेवून तिनं गुंडात डोकावलं.

"नुसता पाला उकडून काय होते वो? वेखंड काऊन नाई लावत?"

"वेखंड कायले?" मानकोबाई.

"सुजीले! आमच्याकडे जाळं ओढून ओढून खांदे सुजते गड्यांचे. पान्याच्या काठचं वेखंड उगाळून लावलं का सूज बसते. तुमाले जंगल माहीत आहे, पान्यातलं का माहीत?"

माय मध्ये पडली. "अन् आंबेहळद का वाया गेली? माह्या आईनं आंबेहळद आन् मिठाचा गरम लेपच लावला जलमभर. त्याच्यावर कोन्ताच पाला नाई."

झालं. तिघींची जुंपली. एक जंगलाची, एक पाण्याची, एक शेताची. प्रत्येकीच्या मागे आई होती, आईची आई होती, आणि कुणीच तसूभर हटायला तयार नव्हती. शेवटी निवाडा करायला बाबांना खाटेसकट सपरीत आणलं. डाव्या गुडघ्याला मानकोबाईची निर्गुडी, उजव्याला भागरताचं वेखंड, दोन्ही मनगटांना मायची आंबेहळद. संध्याकाळी तिघी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "सांगा जी, कोनाचं बरं?"

बाबा आयुष्यभर गावात भांडणं मिटवत आलेले. तिघींकडे पाहून म्हणाले, "मले एवढंच समजलं का तुमचं भांडन पाहाता पाहाता मी दुखनं विसरून गेलो."

त्या हसल्या आणि मग कामाला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून तिन्ही एकत्र झालं. आधी निर्गुडीची वाफ, मग कोमट टोळीच्या तेलात आंबेहळद घालून चोळायचं, आणि जिथं सूज असेल तिथं वेखंडाचा लेप. हे कुणी ठरवलं ते मला आजही सांगता येणार नाही. तिघींच्या हातांनी आपापसांत ठरवलं असावं.

आमच्या सपरीत रांग लागली. सकाळी म्हातारी माणसं, दुपारी बायका. डॉक्टरीण पुन्हा फेरीला आली तेव्हा ती दारातच थबकली. तिनं सगळं विचारून घेतलं, आणि म्हणाली, "ताप असताना शेक देऊ नका. जखमेवर, पुरळावर काही लावू नका. बाकी शेकानं आराम पडत असेल तर चांगलंच आहे." मानकोबाई लगेच म्हणाली, "पोटात जे द्याचं ते तुमी द्या बाई. आंगाले लावाचं तेवढं आमी पाहातो." डॉक्टरीण हसली. तीही घटकाभर आमच्यात बसली, चहा प्याली, आणि जाताना अंगणातलं साचलेलं पाणी ओता म्हणून सांगून गेली. भागरतानं नुसतं ओतलंच नाही. गुरांच्या पाण्याचं मोठं टाकं ओतता येत नव्हतं, तर तिनं तलावातून नखाएवढे मासे आणून त्यात सोडले. "हे खातीन डासाची पिल्लं," म्हणाली. "हेबी औषधच हाये. फक्त पोहते."

आज माझ्या दुकानात निर्गुडीच्या तेलाच्या बाटल्या येतात. चकचकीत, सोनेरी अक्षरांच्या. त्यावर प्राचीन ऋषींचं गुपित वगैरे लिहिलेलं असतं. मी त्या विकते, वाईट असतील असंही नाही. पण ते गुपित कधीच नव्हतं हे मला माहीत आहे. ते तलावाच्या पाळीवर उघड्यावर उभं होतं आणि त्याची वाफ सगळ्यांना मिळत होती. मला अभिमान वाटतो तो याचा की ते सांभाळणाऱ्या बायका माझ्या ओळखीच्या होत्या, आणि त्या मोकळ्या हातानं देत होत्या.

तर पाळीवरची निर्गुडी संपत आली. खरं तर संपली नव्हती, पण मानकोबाईनं खुडायला मनाई केली. "आता ह्या झाडाईलेबी आराम पाहिजे." त्यामुळे मी आणि ती सालेकशाला निघालो. पाहुण्यांकडे जाताना मी कित्येकदा त्या रेल्वेनं गेले होते. पण मानकोबाईबरोबर खिडकीत बसल्यावर मला बाहेरचं जंगल पहिल्यांदा वेगवेगळं दिसलं. तोवर ते नुसतं हिरवं होतं. ती बोट दाखवत जायची. हा बेहडा, हा धावडा, ही मुरूडशेंग, पोट दुखलं का लेकराले. हा भेलवा, म्हणजे बिब्बा, त्याले हात नको लावजो, फोड येते.

तिच्या टोल्यावर, म्हणजे पाड्यावर, पोहोचलो तर अर्धा टोला गोळा झाला. मी काही सांगायच्या आत पोती आली. म्हातारे, तरणे, सगळे रानाच्या कडेला गेले आणि दुपार कलायच्या आत पोती भरली. एका घरातून टोळीच्या तेलाचा डबा आला. कुणाला, एवढं कशासाठी, असं विचारलं तर उत्तर एकच, "गुनियाले गुनियाच लागते."

परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्ही पोती दाराशी रचली आणि डब्यात तो वास भरला. लोक नाकाला रुमाल लावतील म्हणून मी अवघडून बसले होते. समोरच्या बाकावर डोंगरगडहून येणारी एक छत्तीसगडी म्हातारी होती. तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "निरगुंडी ए का बेटी?" गोंदियाचा एक सिंधी कापडवाला होता. तो म्हणाला, "अरे, ये तो हमारी दादी तकिये में भरती थी. सरदर्द के लिए." आमगावला चढलेले एक पोवार काका म्हणाले, त्यांच्याकडे हाच पाला धानाच्या कोठीत ठेवतात, किडा लागत नाही. बोलता बोलता पूर्ण डबा बोलायला लागला. कुणाच्या आईचं काही, कुणाच्या आजोबांचं काही. मानकोबाई ऐकत होती. छत्तीसगडी म्हातारीनं उशीसाठी दोन मुठी पाला मागितला तेव्हा तिनं पोतं सोडलं आणि तिची ओटीच भरली. मग कापडवाल्याला दिला. काकांना दिला. गोंदिया येईस्तोवर एक पोतं अर्धं झालं होतं.

"अवो, आपल्याले पुरन का?" मी विचारलं.

"पुरन," ती म्हणाली. तिची मान इतकी ताठ मी कधी पाहिली नव्हती. "लोकाईच्या ध्यानात होतं वो. भुलले नाई."

दुसऱ्या सकाळी रोवणा पुन्हा सुरू झाला. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. कुणाचाच सांधा एका वाफेत सुटला नाही. सकाळी शेक घेतला की बोटं दुपारपर्यंत चालायची. मग पुन्हा धरायची. मग बायका सपरीत यायच्या, वाफ घ्यायच्या, चोळून घ्यायच्या, आणि जमेल तिला पुन्हा बांधीत. ज्यांना जमलं नाही त्यांना मानकोबाईनं हट्टानं खाटेवर ठेवलं. गावातल्या धडधाकट बायका स्वतःहून आल्या. पोवारांच्या सुना, ढिवरांच्या लेकी, कलाराची नवी नवरी. एरवी या सगळ्या एका बांधीत कधी उतरल्या नव्हत्या. आधी आमची बांधी, मग भागरताच्या भावाची, मग पलीकडच्या कोहळी समाजाच्या शेतकऱ्यांची. ज्याचे पऱ्हे जास्त पिवळे त्याची आधी. हा नियमही मानकोबाईनंच घातला, आणि गावच्या पाटलानंही तो मुकाट मानला.

गाणीही मिसळली. मानकोबाईच्या बायका गोंडीत सुरू करायच्या, तिकडून पोवारीतलं उत्तर यायचं, मध्येच भागरता झाडीबोलीत काहीतरी असं घुसवायची की अख्खी बांधी वाकल्या वाकल्या हसायची. वाकलेल्या बायकांचं हसणं वेगळंच असतं. ते पाण्यावर आपटून वर येतं.

शेवटची बांधी लावायची होती त्या दिवशी माय धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभी राहिली. मानकोबाईनं चिखलातूनच जुडी वर धरली. माय उतरली. लावताना तिचा अंगठा थरथरत होता. ओळ वाकडी गेली, जी आयुष्यात कधी गेली नव्हती. ती सरळ करायला मी पुढे झाले.

"राहू दे," मानकोबाई म्हणाली. "हात नको लावजो. पिकू दे तशीच."

ती ओळ तशीच पिकली. ओंब्या लागल्यावर दुरूनही ओळखू यायची. बाबा येणाऱ्या जाणाऱ्याला ती बोटानं दाखवायचे आणि पूर्ण गोष्ट सांगायचे. ऐकणारा कंटाळला तरी सांगायचे.

भाद्रपदात मानकोबाईचा निरोप आला. तिच्या गावी नवाखाई होती, नव्या धानाचा पहिला घास देवाला दाखवून खायचा सण. निरोप एवढाच, "तिघीईनंबी यावं." माय, मी आणि भागरता, आम्ही गेलो. मायनं सोबत आंबेहळदीची गाठोडी घेतली, भागरतानं वेखंड. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण रिकाम्या हातानं जायचं कसं?

अंगण सारवलेलं होतं. पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडलेल्या. बायकापोरांची गर्दी. आम्ही शिरलो तशा सगळ्यांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. मानकोबाई पुढे आली. तिनं मायचा हात धरला, भागरताचा धरला, आणि गोंडीत काहीतरी सांगितलं. मग आमच्यासाठी झाडीबोलीत सांगितलं.

"ह्या दोघी माह्या बहिनी होत. ही हळदीची जानकार. ही पान्याची. आपल्या गावात असं मानूस नाई."

माझ्या मायला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं. तिला लोक शेतकरीण म्हणत, मालकीण म्हणत, अमक्याची बायको म्हणत. जानकार कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पदर नीट केला आणि खाली पाहिलं. पण मी बाजूला होते, मला दिसलं. तिचा चेहरा उजळला होता.

जेवणं झाली. मायनं पत्रावळीवर एक शीत ठेवलं नाही. मग मानकोबाईचे जेठ, म्हणजे थोरले दीर, म्हातारे, भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडे मानकोबाईनं मायला नेलं. त्यांचा गुडघा सुजून नारळासारखा झालेला. तालुक्याच्या डॉक्टरकडे दाखवून आणलेला, गोळ्या सुरू होत्या, पण बसल्या जागेवरून उठवत नव्हतं. माय त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. म्हातारे संकोचून पाय आखडून घेऊ लागले.

"नोको बाई. तुमी मालकीन. तुमी कायले माह्या पायाले हात लावता?"

"रोवणा सरला दादाजी," माय म्हणाली. "आता कोनाची मालकीन? पाय लांब करा. भागरता, तू वेखंड उगाळ."

म्हाताऱ्यांनी पाय लांब केला. मायनं तेल कोमट करून मागितलं, तळहातावर आंबेहळद घेतली, आणि तिच्या अजून पुरत्या न सुटलेल्या बोटांनी त्यांचा गुडघा चोळायला सुरुवात केली. हळूहळू, खालून वर. अंगणातली लेकरं जवळ सरकली. मानकोबाईनं तिच्या दोन्ही सुनांना हाक मारून पुढे बसवलं.

"नीट पाहून घ्या पोरीहो," ती त्यांना म्हणाली. "हे आपल्यापाशी नव्हतं. आता आहे."